नर-मादीची वाट कुठे फुटते

श्रोतेहो, नमस्कार.

उंदराचा गर्भ साडेअकरा दिवसांचा असताना त्याची जननग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर ती नराची आहे की मादीची, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा, पाणचट, अर्धपारदर्शक तुकडा असतो तो. एकच दिवस थांबून पाहिलं, तर नराच्या ग्रंथीवर आडवे पट्टे उमटलेले असतात आणि तिच्या पृष्ठभागावरून एक ठळक रक्तवाहिनी गेलेली असते. मादीच्या ग्रंथीवर ना पट्टे, ना ती वाहिनी. सगळीकडे सारखेच बारीक ठिपके. या एका दिवसात आत काय घडतं, आणि त्यापुढे शरीराच्या इतर भागांना ही बातमी कशी पोचते, हा आजचा विषय आहे.

आधी काळाचा हिशोब सांगतो. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. मी मात्र फलन झाल्यापासूनचे आठवडे सांगणार आहे. दोन्हींत साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो.

स्त्रीच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असतं. पुरुषाच्या शुक्राणूत एक्स तरी असतं किंवा वाय तरी. म्हणजे गुणसूत्रांची जोडी कोणती होणार, हे आत शिरणाऱ्या शुक्राणूवर अवलंबून असतं. मुलगा की मुलगी या गोष्टीसाठी आईला बोल लावण्याला शरीरशास्त्रात तिळमात्र आधार नाही. तरीही या अज्ञानापायी असंख्य बायकांनी फार सोसलं आहे, म्हणून हे स्पष्ट सांगितलं.

पण जोडी फलनाच्या क्षणी ठरली, तरी माणसाच्या गर्भात पहिले सहा आठवडे तिचा कुठलाच परिणाम जननेंद्रियांवर दिसत नाही. या काळात प्रत्येक गर्भाकडे दोन्ही वाटांचं सामान असतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, त्या वयातल्या तात्पुरत्या मूत्रपिंडाला चिकटून, दोन जननकंगोरे उगवतात. त्यांचे पुढे वृषण होऊ शकतात किंवा बीजांडकोश. शेजारी नळ्यांच्या दोन जोड्या असतात. एक वुल्फियन, जी तात्पुरत्या मूत्रपिंडाची मूळची निचऱ्याची नळी. दुसरी म्युलेरियन, जी सहाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होते. बाहेरच्या बाजूला मध्यभागी एक लहानसा उंचवटा, त्याच्याखाली दोन घड्या आणि घड्यांच्या बाहेर दोन फुगवटे. एवढं साहित्य प्रत्येकाला मिळतं.

आणखी एक गोष्ट लागते, आणि ती बाहेरून चालत येते. ज्या पेशींची पुढे बीजं किंवा शुक्राणू होणार, त्या जननग्रंथीत जन्मत नाहीत. चौथ्या आठवड्यात त्या पीतक पिशवीच्या, म्हणजे गर्भाला जोडलेल्या एका तात्पुरत्या पिशवीच्या, भिंतीत दिसतात. तिथून आतड्याच्या भिंतीतून, मग आतडं पाठीला जोडणाऱ्या पडद्यातून सरकत सरकत पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या जननकंगोऱ्यापर्यंत पोचतात. वाटेत त्यांची संख्याही वाढत जाते. रस्ता चुकलेल्या बहुतेक पेशी मरतात. काही तग धरून राहतात, आणि माकडहाडापाशी किंवा छातीच्या मधल्या पोकळीत कधीकधी सापडणाऱ्या जननपेशींच्या गाठी अशा वाट चुकलेल्या पेशींतून होत असाव्यात, असं मानलं जातं.

आता उंदराच्या त्या एका दिवसाकडे येऊ. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक आहे. ते १९९० साली सापडलं. पुढच्याच वर्षी संशोधकांनी या जनुकाचा डीएनए तुकडा दोन एक्स असलेल्या उंदराच्या भ्रूणात घातला आणि त्या उंदराला वृषण आले, नराचं बाह्यांगही आलं. वायवरचं बाकी काहीही न देता. शुक्राणू मात्र त्याला तयार करता आले नाहीत, कारण वृषणात दोन एक्स बाळगणाऱ्या जननपेशी टिकत नाहीत, आणि शुक्राणू घडवायला लागणारी इतर जनुकंही वायवरच असतात.

एसआरवायपासून माणसात २०४ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन बनतं. त्याचं मुख्य काम एकच: सॉक्स-९ हे दुसरं जनुक चेतवणं. सॉक्स-९ पुरेसं पेटलं की ते स्वतःच स्वतःला पेटतं ठेवतं आणि एसआरवायची गरज संपते. माणसात हे साधारण ४१ ते ४४ व्या दिवशी सुरू होतं. उंदरात याची वेळ किती काटेकोर आहे, ते प्रयोगांनी दाखवलं आहे. एसआरवाय ठरल्या वेळेपेक्षा सुमारे सहा तासांहून अधिक उशिरा सुरू केलं, तर वृषण नीट बनत नाही, ग्रंथी बीजांडकोशाच्या वाटेला लागते. जनुक शाबूत, प्रथिन शाबूत, पण गाडी सुटलेली असते.

सॉक्स-९ चेतवण्याची कळ त्या जनुकापासून खूप लांब आहे, पाच लाखांहून अधिक डीएनए-अक्षरांच्या अंतरावर. २०१८ मध्ये उंदरात अशा एका कळीचा फक्त ५५७ अक्षरांचा तुकडा काढून टाकण्यात आला. एक्स-वाय गुणसूत्रं असूनही त्या उंदरांना बीजांडकोश आले आणि मादीची जननेंद्रियं आली. या सगळ्या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रयोग हाच. आणि निसर्गानेही अशीच तोड काढलेली आहे. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदरात वाय गुणसूत्र नाही, एसआरवायही नाही. नर तरीही जन्मतात. २०२२ मध्ये दिसून आलं, की तिथल्या नरांत सॉक्स-९ जवळचा सुमारे १७ हजार अक्षरांचा एक तुकडा दुप्पट झालेला आहे आणि चेतवण्याचं काम बहुधा तोच करतो.

सॉक्स-९ पेटलेल्या पेशींना सर्टोली पेशी म्हणतात. त्या आजूबाजूच्या जननपेशींना वेढा घालतात आणि दोऱ्यांसारख्या रचना बनवतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले आडवे पट्टे म्हणजे हेच दोरे, पुढे ज्यांच्या शुक्राणू बनवणाऱ्या नलिका होतात. दोऱ्यांच्या मधल्या जागेत लेडिग पेशी तयार होतात. सर्टोली पेशी एएमएच हे संप्रेरक सोडतात, लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन. हे दोन निरोप वेगळे आहेत, वेगळ्या पेशींचे आहेत, आणि हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं उलगडतं.

मादीची वाट म्हणजे काहीच न घडणं, असं पुष्कळ वर्षं शिकवलं गेलं. वृषणाचा हुकूम आला नाही की आपोआप मादी, असं. ते अर्धसत्य आहे, आणि अजूनही ते सर्रास ऐकू येतं याचं वाईट वाटतं. बीजांडकोशाला स्वतःची जनुकं लागतात. आरस्पो-१ आणि डब्ल्यूएनटी-४ ही त्यांतली महत्त्वाची दोन. ती सॉक्स-९ला डोकं वर काढू देत नाहीत. आरस्पो-१ बिघडलेल्या काही व्यक्तींमध्ये दोन एक्स होते, एसआरवाय नव्हतं, तरी वृषण तयार झाले. २००९ मध्ये तर याहून मोठी गोष्ट कळली. पूर्ण वाढलेल्या मादी उंदराच्या बीजांडकोशातून फॉक्स-एल-२ हे जनुक बंद केलं, तेव्हा तिथल्या पेशी सर्टोलीसारख्या दिसू लागल्या आणि टेस्टोस्टेरॉन वाढलं. म्हणजे बीजांडकोशाला बीजांडकोश राहण्यासाठी आयुष्यभर राबावं लागतं.

जननपेशींचा कार्यक्रमही दोन्हीकडे वेगळा असतो. मादी गर्भात त्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यापासून अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या विभाजनात, शिरू लागतात आणि पुढे मध्यावरच थांबतात. हे थांबणं पुढे वर्षानुवर्षं टिकतं. ज्या बीजाचं फलन चाळिशीत होईल, ते आईच्या पोटातल्या गर्भात असताना थांबलेलं असतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास या पेशींची संख्या ६० ते ७० लाखांवर असते. जन्माला येईतो १० ते २० लाख उरतात, वयात येईतो ३ ते ४ लाख, आणि आयुष्यभरात बीजांडकोशाबाहेर पडतात ती ४०० ते ५०० च्या आसपास. नर गर्भात मात्र या पेशी दोऱ्यांच्या आत शांत बसतात आणि वयात आल्यावरच कामाला लागतात.

आता नळ्यांकडे वळू. इथला निर्णायक प्रयोग फ्रान्समधल्या आल्फ्रेड जॉस्त यांनी १९४० च्या दशकात सशांवर केला. सशिणीच्या गर्भाशयातच, पिल्लाच्या जननग्रंथी काढून टाकायच्या आणि ते पिल्लू पुन्हा वाढू द्यायचं, असं ते अवघड काम होतं. ग्रंथी वेळेत काढलेली सगळी पिल्लं आतून-बाहेरून मादीसारखी झाली, गुणसूत्रं कोणतीही असोत. मग त्यांनी टेस्टोस्टेरॉनचा खडा गर्भात ठेवला. वुल्फियन नळ्या टिकल्या, पण म्युलेरियन नळ्याही तशाच राहिल्या. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की म्युलेरियन नळी मोडायला टेस्टोस्टेरॉन पुरत नाही. वृषणातून आणखी एक पदार्थ येत असला पाहिजे. तो पदार्थ म्हणजेच एएमएच. त्याची पूर्ण रचना कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

माणसात एएमएच आठव्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू करतं आणि दहाव्यापर्यंत नराची म्युलेरियन नळी विरून जाते. उशिरा आलेल्या एएमएचचा उपयोग होत नाही, कारण नळीची संवेदनशीलता तोवर संपलेली असते. टेस्टोस्टेरॉन आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन साधारण १२ ते १४ व्या आठवड्यात कमाल पातळीला जातं. सुरुवातीला लेडिग पेशींना हाकणारं संप्रेरक गर्भाचं स्वतःचं नसतं. ते वारेतून येणारं एचसीजी असतं, ज्याच्यावर गरोदरपणाची चाचणी आधारलेली आहे. गर्भाची पिट्युटरी ग्रंथी नंतर सूत्रं हाती घेते. टेस्टोस्टेरॉनच्या आधारावर वुल्फियन नळीपासून एपिडिडायमिस, शुक्रवाहिनी आणि वीर्यकोश बनतात.

दोन्ही निरोप मुख्यतः आपापल्या बाजूपुरते चालतात, हे फार उपयोगाचं आहे. एका बाजूला वृषण आणि दुसऱ्या बाजूला बीजांडकोश असलेलं मूल क्वचित जन्माला येतं. तेव्हा वृषणाच्या बाजूला शुक्रवाहिनी सापडते, बीजांडकोशाच्या बाजूला बीजवाहिनी आणि गर्भाशयाचा अर्धा भाग.

मादीत वुल्फियन नळी टेस्टोस्टेरॉनच्या अभावी कोमेजते, एवढंच समजलं जायचं. २०१७ मध्ये उंदरात दिसलं, की ती सक्रियपणे काढून टाकली जाते आणि त्यासाठी कूप-टीएफ-२ नावाचं प्रथिन लागतं. ते नसलेल्या मादी पिल्लांत दोन्ही जोड्या राहिल्या. म्हणजे जागा मोकळी करण्याचं काम दोन्ही वाटांवर मुद्दाम करावं लागतं.

म्युलेरियन नळ्यांचे वरचे भाग वेगळे राहून बीजवाहिन्या होतात. खालचे भाग जवळ येतात, जुळतात, आणि मधला पडदा विरघळून एकच पोकळी होते: गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग. जुळणं किती होतं, ते प्राण्याप्राण्यांत वेगळं आहे. सशिणीत दोन पूर्ण स्वतंत्र गर्भाशयं आणि दोन गर्भाशयमुखं असतात. गाय, डुकरीण यांच्यात खाली छोटी सामाईक पोकळी आणि वर दोन लांब शिंगं. डुकरिणीची पिल्लं त्या शिंगांत ओळीनं वाढतात. माकडांत आणि माणसात जुळणी जवळपास पूर्ण. कांगारूंच्या कुळात मूत्रवाहिन्या दोन्ही नळ्यांच्या मधून जात असल्यामुळे नळ्या एकत्र येऊच शकत नाहीत, आणि तिथे दोन बाजूच्या योनी तशाच राहतात.

स्त्रीमध्ये हे जुळणं अर्धवट राहिलं, तर दोन गर्भाशयं किंवा दोन शिंगांचं गर्भाशय राहतं. जुळणं झालं पण पडदा विरला नाही, तर आत भिंत राहते. या भिंतीचा रक्तपुरवठा तोकडा असतो आणि अशा स्त्रियांत गर्भपाताचं प्रमाण वाढलेलं आढळतं. भिंत शस्त्रक्रियेनं काढता येते. इथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. मूत्रवाहिनीचा अंकुर वुल्फियन नळीतूनच फुटतो, आणि म्युलेरियन नळी वुल्फियनच्या आधारानंच खाली उतरते. म्हणून गर्भाशयाच्या रचनेत दोष असलेल्या मुलीचं मूत्रपिंड एका बाजूला नसणं हे बऱ्याचदा दिसतं. गर्भाशयाचा दोष सापडला तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. आणि एकच मूत्रपिंड असलेल्या मुलीला पाळीच्या वयात पोटात कळा येऊ लागल्या, तर गर्भाशय तपासावं.

निरोप चुकीच्या पत्त्यावर गेला तर काय होतं, ते गायीच्या जुळ्यांत दिसतं. कालवड आणि गोऱ्हा एकाच पोटात वाढत असले, की त्यांच्या वारेच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याचं एएमएच कालवडीच्या अंगात जातं, आणि तिच्या म्युलेरियन नळ्या खुरटतात, बीजांडकोशही बिघडतात. अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणतात. फ्रँक लिली यांनी १९१६ मध्ये रक्तवाहिन्यांची ही जोडणी ओळखली. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहांतल्या नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात. बाहेरून ती बऱ्याचदा धडधाकट मादीच दिसते, म्हणून पुढची दोन वर्षं चारा घालण्याआधी तपास करावा. पशुवैद्य गुळगुळीत, वंगण लावलेली बोथट नळी हलक्या हातानं योनीत सरकवून खोली पाहतात. फ्रीमार्टिनची योनी साधारण नेहमीच्या एक तृतीयांश भरते. खात्रीची चाचणी रक्ताची: तिच्या रक्तात भावाच्या वाय गुणसूत्राच्या पेशी सापडतात. जुळा गोऱ्हा पोटातच दगावला असेल, तर एकटी जन्मलेली कालवडही फ्रीमार्टिन असू शकते.

बाह्यांगासाठी टेस्टोस्टेरॉन अपुरं पडतं. त्या जागेच्या पेशींत ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर त्याचं डीएचटी या अधिक प्रभावी रूपात रूपांतर करतं. डीएचटी मिळालं तर मधला उंचवटा लांब होऊन शिश्न होतो, घड्या मागून पुढे मिटत जाऊन मूत्रमार्ग बंदिस्त करतात, बाहेरचे फुगवटे जुळून वृषणकोश होतो. डीएचटी नसेल तर उंचवट्याची शिश्निका होते, घड्या न मिटता आतले लहान भगोष्ठ होतात, फुगवटे बाहेरचे मोठे भगोष्ठ. नवव्या आठवड्यापर्यंत दोन्ही सारखेच दिसतात. बाराव्याच्या पुढे फरक स्पष्ट होतो. मिटण्याची खूण जन्मभर राहते: गुदद्वारापासून वृषणकोशाच्या मध्यावरून शिश्नाच्या खालच्या बाजूनं जाणारी बारीक शिवण ही तीच. उंदरांची पिल्लं जन्मल्या जन्मल्या ओळखणारे लोक गुदद्वार आणि जननेंद्रिय यांतलं अंतर पाहतात. नरात ते मादीच्या सुमारे दुप्पट असतं, तेही या संप्रेरकामुळेच.

मिटणं मध्येच थांबलं, तर मूत्रछिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला राहतं. याला हायपोस्पेडियास म्हणतात आणि दर दोनशे ते तीनशे मुलग्यांत एकाला तो असतो. अशा बाळाची सुंता करू नये, कारण दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदाला ती पुढची त्वचा लागू शकते. गरोदर स्त्रीनं फिनास्टेराइडच्या फुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळ्या हाताळू नयेत, असं सांगतात तेही याच कारणानं: केस गळण्यावर आणि प्रोस्टेटवर दिलं जाणारं हे औषध डीएचटी बनणंच रोखतं.

वृषण पोटात, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि दोन टप्प्यांत उतरतात. पहिला टप्पा आठव्या ते पंधराव्या आठवड्यात, लेडिग पेशींच्याच इन्सल-३ या संप्रेरकामुळे. दुसरा साधारण २५ ते ३५ व्या आठवड्यात, टेस्टोस्टेरॉनमुळे, जांघेतून खाली. वृषणकोश शरीराहून २ ते ४ अंश सेल्सिअसनं थंड असतो आणि शुक्राणू बनायला तेच तापमान मानवतं. हत्तीचे वृषण मात्र आयुष्यभर पोटातच असतात आणि त्याचं काही अडत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या मुलग्यांत सुमारे तीन टक्क्यांचा एक तरी वृषण उतरलेला नसतो, अकाली जन्मलेल्यांत पुष्कळच जास्त. पहिल्या सहा महिन्यांत बरेचसे आपसूक उतरतात. त्यानंतर वाट पाहण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान व्हावी.

ग्रंथी, नळ्या, बाह्यांग या तीन पायऱ्यांना वेगवेगळे निरोप लागतात, म्हणून त्या स्वतंत्रपणे चुकतात. एक्स-वाय गुणसूत्रं आहेत, वृषण आहेत, पण पेशींना टेस्टोस्टेरॉनचा निरोप वाचताच येत नाही, अशी एक अवस्था आहे. बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं, स्तनही वाढतात, पण पाळी येत नाही. एएमएचनं आपलं काम केलेलं असतं, म्हणून गर्भाशय नसतं. लहान मुलीला दोन्ही जांघांत हर्निया असेल, तर डॉक्टरांच्या मनात ही शक्यता यावी. याउलट एसआरवायच बिघडलेलं असेल, तर वृषणच बनत नाहीत, एएमएचही नाही, आणि एक्स-वाय असूनही गर्भाशय असतं. अशा स्त्रीची खुरटलेली जननग्रंथी गाठीच्या धोक्यामुळे काढावी लागते, पण दान केलेल्या बीजापासून तिला मूल होऊ शकतं. फक्त एएमएच चुकलं, तर धडधाकट मुलग्याच्या पोटात गर्भाशय राहतं, आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेत ते अचानक समोर येतं.

सर्वांत तातडीची अवस्था मात्र जननग्रंथीशी संबंधित नाहीच. अॅड्रिनल ग्रंथीतलं २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर जन्मतः कमी असलं, की कॉर्टिसॉल बनत नाही आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. दर १० ते २० हजार बाळांत एकाला हे असतं. दोन एक्स असलेल्या बाळाचे बीजांडकोश आणि गर्भाशय पूर्ण व्यवस्थित असतात, पण बाह्यांग मुलग्याकडे झुकतं, कधी इतकं की मुलगा झाल्याचंच सांगितलं जातं. मुलग्यांत तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. आणि मग जन्मानंतर एक ते तीन आठवड्यांत बाळ दूध टाकतं, उलट्या करतं, वजन घटतं. रक्तातलं सोडियम उतरतं, पोटॅशियम चढतं. या टप्प्यावर काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर १७-ओएचपी, म्हणजे त्या साचलेल्या कच्च्या मालातला एक पदार्थ, तपासलं, तर हे आधीच पकडता येतं, आणि गोळ्यांनी बाळ नीट वाढतं.

म्हणून नवजात बाळाच्या अंगठ्याएवढ्या त्या भागाकडे नीट पाहावं. मुलगा म्हटलेल्या बाळाचे दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, किंवा मूत्रछिद्र खाली असून एक वृषण सापडत नसेल, किंवा मुलीची शिश्निका मोठी आणि भगोष्ठ जुळलेले दिसत असतील, तर मुलगा की मुलगी हे घाईनं जाहीर करू नये. त्याच दिवशी गुणसूत्रं, १७-ओएचपी आणि पोटाची सोनोग्राफी सांगावी, सोडियम-पोटॅशियम पुढचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा पाहावं, आणि अहवाल येईपर्यंत आईवडिलांना रोज वजन करायला सांगावं.